धूर कुणीकडे चाललाय, ते आधी बघा

(वाचकांचे प्रश्न, हौशी छायाचित्रकाराची उत्तरं)

प्रश्न : काका, मागच्या दसऱ्याला तासगावजवळच्या कवठे एकंद गावचं दारूकाम, म्हणजे आतषबाजी, बघायला गेलो होतो. मामाचा जुना डीएसएलआर नेला होता. दोनशेवर फोटो काढले, त्यात एकही धड नाही. मधोमध पांढरा गोळा आणि भोवती करडा धूर. रात्र आहे म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ३२०० ठेवला होता. कुठं चुकलं?
– एक वाचक, विटा

अरे, तुझं पत्र वाचून माझी पहिली खेप आठवली. सांगलीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दसऱ्याला मशिनरीची पूजा आटोपली, शेजारीपाजारी सोनं वाटून झालं, की कॅमेरा काखोटीला मारून तासगाव रस्त्याला लागायचं, हा माझा चौदा वर्षांचा शिरस्ता. पहिल्या वर्षी मीही अंधाराला घाबरून आयएसओ चढवला होता. घरी येऊन बघितलं, तर प्रत्येक औट, म्हणजे आभाळात फुटणारा दारूगोळा, चुन्याची निवळी सांडल्यासारखा. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी पहाटे तीनला आलात?"

आपल्याला अंधाराचा फोटो काढायचा नाहीये, औटाचा काढायचाय. आणि औट हा स्वतःच दिवा असतो. त्याला आयएसओ १०० पुरतो. अपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ ८ ते एफ ११ ठेव, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि शटर दोन ते पाच सेकंद. तू म्हणशील, एवढा वेळ उघडं ठेवलं तर आणखी पांढरं होईल. नाही होत. ठिणगी एका जागी बसून राहत नाही, ती सेन्सरवर रेघ ओढत पुढं पळते. एकेका ठिपक्यावर ती क्षणभरच असते. त्यामुळं रेघ किती उजळ दिसणार ते अपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर लांबवलं तर रेघा लांब होतात, जास्त औट एका फोटोत येतात आणि मागचं आभाळ उजळतं, एवढंच. हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दसरे गेले. तुला पत्राच्या पैशात मिळालं.

रंगही याच चुकीनं जातात. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा असे दारूत घातलेल्या क्षारांचे रंग असतात. उजेड जास्त घेतलास की तिन्ही पांढरेच. नुसत्या कोळशाची किंवा लोखंडाच्या किसाची ठिणगी सोनेरी पडते. मला विचारशील तर फोटोत तीच सगळ्यात देखणी.

आता धूर. हे कॅमेऱ्याचं नाही, पायांचं काम आहे. गावात शिरल्यावर आधी चहाच्या गाड्यावर थांब आणि शेगडीचा धूर कुणीकडे चाललाय ते बघ. वारा आपल्या पाठीवर हवा, निदान एका अंगानं तरी. पहिल्या वर्षी मी देवळाचं शिखर छान दिसतंय म्हणून नेमका वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिलो होतो. तासाभरात शिखर काय, शेजारचा माणूस दिसेना. हवा पडलेली असेल तर प्रत्येक फेरीतले पहिले दोन-तीन औट तेवढे आपले. बाकीचे डोळ्यांनी बघायचे.

सिद्धराज महाराजांची पालखी निघते त्या गर्दीत ट्रायपॉड उघडू नकोस. तिपाई कुणाच्या पायात येईल आणि शिव्या बरोबरच असतील. मी ओळख काढून लांबच्या एका गच्चीवर चढतो. औट फुटलेला दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजलं, तर साधारण दीड सेकंद भरतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे मी अर्धा किलोमीटर लांब. तिथून शिखर, घरांची कौलं, माणसांची डोकी, सगळं चौकटीत बसतं. नुसत्या काळ्या आभाळातला औट कुठलाही असू शकतो, इचलकरंजीचाही. खाली शिखर आलं की तो कवठ्याचा.

फोकस अंधारात आपोआप लागत नाही. उजेड असताना शिखरावर लावून घे, ऑटोफोकस बंद कर आणि रिंगवर चिकटपट्टी मार. ट्रायपॉडवर असताना हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझरही बंद. आणि मेनूमध्ये लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरच्या फोटोतले दाणे घालवणारी सोय) असेल तर तेही. एका वर्षी ते चालू राहिलं. चार सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी चार सेकंद मुका. पडद्यावर 'बिझी' आणि वर आभाळ पेटलेलं. मोटर जळाली की वास तरी येतो, इथं तोही नाही.

हे जमलं की बल्ब मोड घे, म्हणजे आपण ठेवू तेवढा वेळ शटर उघडं राहतं. मोटरीत घालायच्या लेदरॉइडच्या जाड कागदाच्या तुकड्याला काळा कागद डकवून मी एक फळी केलीय. शटर उघडं ठेवायचं, फळी भिंगासमोर धरायची, औट वर चढताना काढायची, विझला की परत धरायची. तीन औट एका फोटोत येतात, धूर मात्र मधल्या वेळचा येत नाही. भिंगाला फळी लागू देऊ नकोस, कॅमेरा हलतो.

एक राहिलं. दसऱ्याला शुद्ध दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत आभाळात असतो. त्यानं कौलं उजळतात आणि धूरही. चंद्र मावळल्यावर येणारे फोटो वेगळे असतात. जागता आलं तर थांब.

प्रश्न : कास पठारावर सप्टेंबरमध्ये गेले होते. डोळ्यांना फुलांचा गालिचा दिसत होता, फोटोत नुसते ठिपके. लँडस्केप कसा काढावा?
– एक वाचक, सातारा

ताई, तुम्ही उभ्या उभ्या फोटो काढला असणार. पायवाटेवरच गुडघे टेका, सीतेची आसवं किंवा गेंद या फुलांचा एक पुंजका अगदी जवळ घ्या, भिंग वाइड ठेवा, अपर्चर एफ ११. जवळचं फूल मोठं, मागं ठिपके आणि त्यामागं ढग, असं आलं की डोळ्याला अंतर कळतं. भर उन्हापेक्षा ढगाळ हवा बरी. ओल्या पानांची चकाकी भिंगावर लावायच्या पोलरायझर फिल्टरनं मरते आणि जांभळा रंग खुलतो. पायवाट सोडून आत बसलेल्यांचे फोटो मी बघतच नाही, कितीही सुंदर असोत.

प्रश्न : पहाटे कृष्णेच्या घाटावर धुकं टिपायला गेलो, भिंगच धुरकट झालं.
– एक वाचक, सांगली

एसी लावलेल्या गाडीतून थेट बाहेर काढलं असेल. गार भिंगावर दमट हवेचं दव धरतं. कॅमेरा पिशवीतून न काढता पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, तोवर घाटावर चहा घ्या. सदऱ्यानं पुसू नका. मी पुसलंय. आयर्विन पुलाच्या त्या फोटोत अजून बोटाचा फराटा आहे.