जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

तुमची गाडी १९६४ची अ‍ॅम्बेसेडर मार्क २. दारव्ह्याजवळच्या गावात असते, लग्नसराई आणि पोळा धरून वर्षाला चार-पाचशे किलोमीटर चालते. उन्हाळ्यात तापली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते. मिस्त्री म्हणतो, पॉइंट (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप होणारे संपर्क) काढून टाका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा.

एवढ्याच वापरासाठी मी पॉइंटच ठेवीन. पण त्याआधी दोष इग्निशनचा आहे की पेट्रोलचा, ते ठरवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊनही गाडी अशीच थांबते. बंद पडल्या पडल्या डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली तर इग्निशनला हात लावू नका, पेट्रोलची लाइन बघा. ठिणगी पिवळट किंवा अधूनमधून पडत असेल तर आधी कंडेन्सरवर (पॉइंट उघडताना त्यांच्यात होणारी ठिणगी रोखणारा छोटा डबा) संशय घ्या, मग कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). कंडेन्सर तपासायला डिस्ट्रिब्युटर उघडायचीही गरज नाही. आतल्याची वायर सुटी करता येत नसेल तरी नवा कंडेन्सर बाहेरून जोडून बघा: त्याची बॉडी अर्थला (गाडीच्या लोखंडाला) आणि वायर कॉइलच्या 'सीबी' टर्मिनलला (जिथून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते). तेवढ्याने गाडी सुधारली तर दोष सापडला. जुना आतून शॉर्ट असेल तर मात्र तो काढावाच लागेल.

यानंतर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टची बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) तपासा, ही सगळ्यात दुर्लक्षित राहते. कॅप काढून रोटरखालचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत येतो ते बरोबर, पण आडवा खेळ असेल तर पॉइंटमधला गॅप दर फेरीला बदलतो. मग पॉइंट कितीही नवे टाका, गाडी मिसिंग करणारच. इलेक्ट्रॉनिक किटने हे थोडं झाकलं जातं, पण हलणाऱ्या शाफ्टवर टायमिंग तरीही डगमगतं. तालुक्याच्या लेथवाल्याकडून बुश बदलून घ्या. सच्छिद्र ब्राँझची असेल तर बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

पॉइंट बसवताना नवा सेट पेट्रोलने पुसा, त्यावर तेलाचा थर असतो. पॉइंटची टाच (शाफ्टवरच्या कॅमला घासणारा भाग) कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर टोकावर आणून गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. ड्वेल मीटर (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन मोजणारं) असेल तर ६० अंश, तीन इकडे-तिकडे चालतात. कॉइलच्या आणि कंडेन्सरच्या वायरींची टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, पण मधल्या खिळीला नाही. नायलॉनची टोपी त्यासाठीच असते. ती उलटी-सुलटी लागली की स्पार्कच येत नाही आणि माणूस दिवसभर कॉइल बदलत बसतो. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे जातं, म्हणून नवा सेट टाकल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा बघा. गॅप बदलला की टायमिंगही तपासा: 'सीबी' आणि अर्थच्या मध्ये १२ व्होल्टचा बल्ब लावा, चावी चालू ठेवून हँडलने इंजिन हळू फिरवा, बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडतात. चावी मात्र जास्त वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते.

रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवणार असाल तर माझं उत्तर वेगळं असतं, तेव्हा किट फायद्याचं. पण आधी अर्थिंग बघा. त्या काळातल्या बऱ्याच लुकास वायरिंगच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. अशा गाडीत निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) लावलं की क्षणात जळतं. कॉइलच्या दोन लहान टर्मिनलमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. साधारण ३ ओहम हवा. दीड ओहमच्या कॉइलने करंट ४ अँपिअरचा ८ होतो आणि बरीच मॉड्यूलं तो झेपवत नाहीत. साध्या तांब्याच्या प्लग वायरींऐवजी कार्बनच्या वायरी लावा, नाहीतर त्यांच्या विद्युत गोंगाटाने मॉड्यूल गोंधळतं. बॅटरी पडली तरी पॉइंटची गाडी हँडलने बहुधा सुरू होते, मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेज लागतंच. आणि मॉड्यूल गेलं की रस्त्यात दुरुस्ती नाही, पॉइंट मात्र बारीक कानशीने घासून घरी येता येतं. (पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात.)

किट बसवलंच तर मूळ डिस्ट्रिब्युटरला भोक पाडू देऊ नका आणि पॉइंट, कंडेन्सर, प्लेट डब्यात जपून ठेवा. २०२१च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

सध्या डिकीत एक पॉइंट सेट, एक कंडेन्सर, एक रोटर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पात्या) आणि बल्बची वायर ठेवा. रोटर घेताना पितळी पट्टीला रिव्हेट नसलेला घ्या, रिव्हेटवाल्यातून करंट आतून शाफ्टला उतरतो आणि गाडी बिनआवाज थांबते.