साखर काठावर आली आहे, पुढे काय?

प्रश्न : मी तासगावचा द्राक्षबागायतदार असून माझे वय ४४ आहे. वडिलांना मधुमेह होता. हल्ली रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, म्हणून सांगलीत रक्त तपासले. उपाशीपोटी साखर ११८ आली. हा मधुमेह समजायचा का?

उत्तर : अद्याप नाही, परंतु हा आकडा सोडून देण्यासारखाही नाही. किमान आठ तास उपाशी राहिल्यानंतर (प्रवासात घेतलेल्या कपभर चहानेही हा उपास मोडतो) साखर प्रति डेसिलिटर १०० मिलिग्रॅमच्या आत असावी. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था असते आणि १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोन वेगवेगळ्या दिवशी आढळल्यास मधुमेहाचे निदान होते.

मला काळजी वाटते ती आपल्या लक्षणाची. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि लघवीचे प्रमाण वाढते. त्यामुळे ११८ या आकड्याने रात्रीच्या उठण्याचा उलगडा होत नाही. जेवणानंतरची साखर बरीच वाढत असेल, किंवा कारण प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढण्यासारखे वेगळेच असेल. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी अवश्य करून घ्यावी. तिच्यात २०० किंवा अधिक आकडा मधुमेह दर्शवतो. सोबत रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणीही करावी; तिच्यात ५.७ ते ६.४ टक्के ही काठावरची पातळी आहे. मात्र रक्तक्षय असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो, म्हणून रक्तक्षय असेल तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. घरच्या ग्लुकोमीटरवरून निदान करू नये.