पुश नोटिफिकेशनचा डिव्हाइस टोकन चालू आहे की मेलेला, हे सर्व्हरवर कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की टोकन (म्हणजे एका फोनवरच्या एका ॲपला नोटिफिकेशन पोचवायचा पत्ता) डेटाबेसमध्ये टाकायच्या आधी ६४ अक्षरांचा रेजेक्स (मजकूर ठराविक साच्यात बसतो का ते तपासणारा नियम) लावला तर चालेल का. नका लावू. ॲपलचा टोकन बहुतेक वेळा ६४ हेक्स अक्षरांचा दिसतो हे खरंय, पण लांबी धरून चालू नका असं ॲपल स्वतःच सांगतं, आणि एफसीएमचा (फायरबेस क्लाउड मेसेजिंग, गूगलची नोटिफिकेशन पाठवायची सेवा) टोकन तर त्याहून बराच लांब असतो. रिकामा नाही ना आणि कॉलममध्ये पूर्ण मावतो ना, एवढंच बघा.

टोकन जिवंत आहे का ते फक्त गूगल नाहीतर ॲपलच सांगू शकतं, आपलं काम त्यांचं उत्तर नीट वाचायचं. एफसीएमच्या व्ही१ एपीआयमध्ये व्हॅलिडेट ओन्ली ट्रू करून पाठवलं की मेसेज फोनवर न जाता रिक्वेस्ट तपासली जाते. उत्तरात ४०४ हा एरर कोड आणि अनरजिस्टर्ड आलं तर टोकन उडवा. ४०३ आणि सेंडर आयडी मिसमॅच आलं तर तो टोकन दुसऱ्याच फायरबेस प्रोजेक्टचा आहे. पण ४०० इनव्हॅलिड आर्ग्युमेंटला फार जपा. मी एकदा डेटामध्ये ऑर्डर नंबर आकडा म्हणूनच पाठवला, एफसीएमला तिथं सगळ्या व्हॅल्यू स्ट्रिंग लागतात, त्यामुळे प्रत्येक टोकनला ४०० आला आणि माझ्याच क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) रात्रीत चांगले टोकन साफ केले, मग युजरनी ॲप परत उघडेपर्यंत आम्ही कुणालाच काही पाठवू शकत नव्हतो. तेव्हापासून ४०० आला की आधी पेलोड (पाठवलेला मजकूर) तपासतो, टोकनला हात लावत नाही.

ॲपलकडे असं कोरडं तपासणं नाहीच, पाठवूनच कळतं. टोकन मेलेला असेल तर ४१० येतो, त्यासोबत टाइमस्टॅम्प असतो, तो तुमच्याकडे टोकन शेवटचा नोंदवला त्या वेळेशी ताडून बघा, कारण युजरने मधे ॲप परत टाकलेलं असू शकतं. ॲप काढल्यावर लगेच ४१० येईल अशी अपेक्षाही ठेवू नका, काही काळ २०० (म्हणजे यशस्वी) येत राहतो. आणि बॅड डिव्हाइस टोकन दिसला की आधी सँडबॉक्स-प्रॉडक्शनची (ॲपलचं चाचणीचं आणि खरं सर्व्हर) गल्लत बघा, एक्सकोडवरून (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) फोनवर टाकलेल्या डेव्हलपमेंट बिल्डचा टोकन सँडबॉक्सचा असतो, टेस्टफ्लाइटचा (ॲपलची चाचणीसाठी ॲप वाटायची सोय) प्रॉडक्शनचा, म्हणून टोकनशेजारी एन्व्हायर्नमेंटचा कॉलम ठेवाच.

४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) किंवा ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आला तर थांबून परत पाठवा, त्यात टोकनचा काही दोष नसतो.

ॲप उघडताना दरवेळी टोकन सर्व्हरला पाठवा आणि तारीख अपडेट करा. अँड्रॉइडवर २७० दिवस वापर नसला की एफसीएम टोकन एक्स्पायर्ड धरतं, महिनाभर हालचाल नसेल तर शिळा समजतं. आणि टोकनवर युनिक की लावून (म्हणजे एक टोकन एकाच नोंदीत राहील) युजर बदलला की मालक बदला, नाहीतर लॉगआउट केलेल्या माणसाची नोटिफिकेशन त्याच फोनवर नंतर लॉगिन केलेल्याला दिसतात, आणि त्यात ओटीपी किंवा मेडिकल रिपोर्ट असेल तर ते फार गंभीर होतं.