फर्मवेअर अर्धवट राहिलं? राउटर भंगारात काढू नकोस

फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालू असताना फोंड्यात लाइट गेली, आणि आता पॉवरचा दिवा नुसता मिचमिचतोय ना? मग बूटलोडर, म्हणजे राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बहुतेक शाबूत आहे. दिवाच लागत नसेल तर आधी अडॅप्टर बदलून बघ.

राउटरखालच्या स्टिकरवर मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही असतं. त्याच व्हर्जनची फर्मवेअर फाइल मोबाइलच्या नेटवर कंपनीच्या साइटवरून उतरव. लॅपटॉप केबलने लॅन पोर्टला जोड, वाय-फाय बंद कर.

टीपी-लिंकच्या बऱ्याच आर्चर मॉडेलांत लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) हाताने द्यावा लागतो. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे राउटरला ती फाइल पुरवणारा छोटा प्रोग्रॅम, चालू कर आणि रीसेट दाबून धरूनच राउटर ऑन कर. फाइल तो स्वतः ओढून घेतो. फाइलचं नाव मात्र त्याला हवं तेच लागतं, एक अक्षर चुकलं तर ढुंकूनही बघत नाही. विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेव, बऱ्याचदा घोडं तिथंच अडतं. असूस असेल तर त्यांचं रेस्टोरेशन सॉफ्टवेअर घे, काम सोपं होतं.

फाइल गेली की दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नकोस. आणि हो, या खेपेस राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लाव. पावसाळ्यात आपल्या लाइटीचा काय भरवसा!