पट्टीत उरलेल्या आठ गोळ्या

ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती आली आणि बसायच्या आधीच पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली. "मॅडम, महिना संपला आणि यात 8 गोळ्या शिल्लक आहेत. विचारलं की म्हणतो, तू मोजत बसू नकोस."

नवरा 31 वर्षांचा. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले, आणि त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली. कळलं ते तिशीला आल्यावर, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. दीड वर्षापूर्वी ती झडप काढून मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला. असा व्हॉल्व्ह बसला की त्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून गोळी जन्मभर घ्यावी लागते. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. खरं तर रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो, एवढंच.

ऑपरेशनच्या आधी तो दर रविवारी डर्ट बाइक चालवायला जायचा. पहाटे पाचला माजिवड्याच्या पुलाखाली चौघे जमायचे आणि मुरबाडच्या पुढे कच्च्या वाटांवर निघायचे. ऑपरेशननंतर आईने किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवली आणि घरात तो विषयच बंद झाला.

मी तिला एवढंच सांगितलं की पट्टी माझ्यासमोर नाही, त्याच्यासमोर ठेवा. त्याच्यावर पाळत ठेवायचं काम मी करणार नाही. पण त्याला यायचं असेल तर माझं दार उघडं आहे.

दहा दिवसांनी तो आला. हाताची घडी घालून बसला, बोलेना. दुपारची वेळ होती, पंखा बंद होता, आणि त्या शांततेत मला एक बारीक टिक-टिक ऐकू आली. माझं लक्ष घड्याळाकडे गेलेलं पाहून तोच म्हणाला, "घड्याळ नाही, मी आहे. रात्री सगळे झोपले की हा आवाज मला झोपू देत नाही."

गोळ्यांचं मी विचारलंच नाही. बाइकबद्दल विचारलं. तेव्हा घडी सुटली. पहिल्या पावसानंतरची लाल माती, फुटरेस्टवर उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरणं, मागचं चाक घसरायला लागलं की ब्रेक न दाबता थ्रॉटल किती सोडायचा, हे सगळं तो हातांनी दाखवत होता. चाळीस मिनिटं गेली. मग स्वतःहून म्हणाला, "शुक्रवार-शनिवारची गोळी सोडतो. रविवारी रक्त नॉर्मल असतं. संध्याकाळी घरी आलो की परत चालू. पडलो तरी प्रॉब्लेम नको म्हणून."

किल्लीचं काय, हे मी विचारलं. मित्राची बाइक होती.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण घरच्यांना हे बेफिकिरीचं वागणं वाटतं आणि तसं ते नव्हतं. त्याने काळजीच घेतली होती. पडलो तर रक्त वाहील, म्हणून गोळी बंद, असा त्याचा हिशोब होता. हिशोब चुकीचा होता, पण तो करून पाहायला त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. घरात तोंड उघडलं की किल्लीवरून रडारड, आणि मित्रांना यातलं काही कळत नाही.

मी डॉक्टर नाही. डोस किती, केव्हा, हे मी कधीही सांगत नाही. पण त्याची आयएनआरची वही त्याच्या बॅगेतच होती, ती आम्ही दोघांनी उघडली. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते हा आकडा सांगतो. त्याच्या डॉक्टरांनी पहिल्या पानावर 2.5 ते 3.5 असं लिहून दिलं होतं. पहिल्या वर्षीचे आकडे त्यातच बसत होते. गेल्या तीन महिन्यांचे होते 1.6, 1.9, 1.4. त्याची गोळी एसिनोकूमॅरॉल. तिचा असर दोन दिवसांत उतरतो, पण पुन्हा पूर्ण चढायलाही दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे चुकायच्या दोन गोळ्या आणि उघडा पडायचा जवळजवळ अर्धा आठवडा. त्या दिवसांत व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर व्हॉल्व्ह अडकतो, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. बाइकवरून न पडताही.

तो बराच वेळ त्या 1.4 वर बोट ठेवून बसला होता.

मग मूळ प्रश्न. गोळी नीट चालू ठेवून डर्ट बाइक चालवली तर? हा प्रश्न मला या वयाच्या मुलांकडून बरेचदा येतो. कुणी बाइकचं विचारतं, कुणी कबड्डीचं, कुणी ट्रेकचं. डर्ट बाइकचं उत्तर मी गोल गोल करून देत नाही. रस्त्यावर पडणं हा अपघात असतो. कच्च्या वाटेवर पडणं हा त्या खेळाचाच भाग आहे, एका सकाळी दोन-तीनदा सहज. हेल्मेट कवटी वाचवतं. पण धक्क्याने मेंदू आतल्या आत हलतो आणि त्याच्या वरच्या बारीक शिरा फाटू शकतात. एरवी असा छोटा स्राव बरेचदा आपसूक थांबतो. गोळी चालू असताना तो झिरपत राहू शकतो, आणि माणूस मात्र उठून कपडे झटकतो, चहा पितो, ठीक आहे म्हणतो. डोकेदुखी, उलटी, गुंगी काही तासांनी येते, कधी काही दिवसांनीही. हँडलचं टोक पोटात बसलं तर प्लीहा फाटू शकते, आणि बाहेर कधी साधा ओरखडाही नसतो. म्हणूनच पूर्ण डोसवर असलेल्यांनी धडकेचे, पडझडीचे खेळ टाळावेत असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात.

"नव्या गोळ्या आल्यात ना?" त्याने विचारलं. आल्यात, आणि पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या पुष्कळांना त्या दिल्या जातात. पण मेकॅनिकल व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. डाबिगॅट्रान या त्यातल्याच एका गोळीची अशा रुग्णांवरची चाचणी 2012 मध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण त्या गोळीवर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. शिरेतल्या गुठळीसाठी गोळी तीन-सहा महिने असेल तर मी लोकांना म्हणते, तेवढे महिने थांबा, मग डॉक्टरांशी बोला. याला ते म्हणता येत नव्हतं. जन्मभरासाठी नाही म्हणायचं होतं आणि ते त्याला समोर बसून सांगायचं होतं.

तो रडला. मी पाणी दिलं आणि गप्प राहिले. छंदच तर होता, जीव वाचला हे बघ, असं त्याला तोवर सगळ्यांनी सांगून झालं होतं. माझ्या मते त्या वाक्यानेच तो मित्राच्या बाइकपर्यंत गेला. ज्याच्यासाठी माणूस सहा दिवस ऑफिसात काढतो ते गेलं, तर त्याचं दुःख व्हायला घरात जागा हवी.

डॉक्टरांकडे तो आणि बायको दोघं गेले. चुकवलेल्या गोळ्यांचं त्याने स्वतः सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, दर आठवड्याला रक्त तपासायला लावलं. गोळीचा असर कमी होईल म्हणून आईने मेथी-पालक घरातून हद्दपार केले होते, तेही तेव्हाच निघालं. पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते, म्हणजे आकडा वर-खाली होत नाही. अंग दुखलं म्हणून मनाने ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, हे बायकोने फ्रिजवर लिहून लावलं. पाकिटात गोळीचं नाव लिहिलेलं कार्ड गेलं. आणि डोक्याला मार लागला तर, बरं वाटत असलं तरी, थेट हॉस्पिटल.

किल्ली मी आईंना त्याच्या हातात द्यायला सांगितली. त्या दोन आठवडे तयार नव्हत्या. मग दिली. त्या रविवारी त्याही झोपल्या नाहीत आणि तोही, पण पार्किंगमधली बाइक हलली नाही. ती विकायची घाई करू नका, असं मी बायकोला सांगितलं. मित्रांबरोबर नुसता बघायला म्हणून तो एकदा गेला आणि अर्ध्या तासात परत आला. अजून जमत नाही म्हणाला. ठीक आहे म्हटलं, नका जाऊ.

आता महिन्यातून एकदा येतो. परवा लॅबमधून थेट आला, आकडा 2.9. गणपतीला साध्या बाइकवरून, डांबरी रस्त्याने, चिपळूणला गावी जावं का, हे त्याला डॉक्टरांना विचारायचं होतं. प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून आणले होते, एखादा राहिला का ते मला बघायला सांगितलं. पहिला, एका दिवसात किती तास चालवू. दुसरा, गोळीची वेळ प्रवासात कशी सांभाळू. तिसऱ्याखाली दोनदा रेघ मारली होती: महाडच्या पुढे रात्री सीटी स्कॅन कुठे होतो.