जुना सोफा विकतोय, गिऱ्हाईक म्हणतं ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’. करू का?

नका करू, पैसे जमा होणार नाहीत, तुमच्याच खात्यातून जातील. यूपीआयमध्ये पैसे घेणाऱ्याला काहीच स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन म्हणजे ‘माझ्या खात्यातून काढा’ या हुकमावरची सही. (शिल्लक बघतानाही पिन लागतो, ते वेगळं.) स्कॅन केल्यावर नीट बघा, वर ‘पे’ लिहिलेलं असतं, पण फोनवरचा माणूस घाई करून ते वाचूच देत नाही.

सोफा न बघता, घासाघीस न करता लगेच ‘घेतो’ म्हणणारा, ‘मी लष्करात आहे, बदली झालीये’ सांगणारा, आधी विश्वासाला पाच रुपये खरोखर पाठवणारा, हा ठरलेला साचा आहे. दोन व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ (समोरच्याने तुमच्याकडे पैसे मागणारी विनंती पाठवणं) यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, तरी क्यूआरची ही युक्ती चालूच राहते. गिऱ्हाइकाला तुमचा क्यूआर किंवा यूपीआय आयडी द्या, खरा असेल तर भरेल.

पैसे गेलेच असतील तर आत्ता 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, मग बँकेला. जितका उशीर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.