ताईच्या उखाण्याचं उत्तर

प्रिय चिमणे,

परवा लग्नाहून परत येताना टर्नपाइकवर तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आजी फोनवर उखाणा घालते त्याला उत्तर असतं. मग नवरीताईने घेतला, त्या उखाण्याचं उत्तर काय?" बाबा आणि मी हसलो, तू गाल फुगवून झोपून गेलीस. चुकलंच आमचं. प्रश्न अगदी नेमका होता.

आपल्याकडे उखाणा घालतातही आणि घेतातही. घालतात ते कोडं. तळकोकणात त्याला हुमाण म्हणतात. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" असं आजीने घातलं तेव्हा तू "पॉपकॉर्न!" म्हणालीस. उत्तर होतं चांदण्या आणि चंद्र. पण तुझा काय दोष? सूप म्हणजे तुझ्यासाठी टोमॅटोचं. धान्य पाखडायचं सूप तू पाहिलंयस कुठे? "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" मात्र पटकन ओळखलंस. दात आणि जीभ न्यू जर्सीतही असतातच, तुझे बत्तीस अजून व्हायचेत एवढंच.

आता घ्यायचा उखाणा. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. माझ्या आजीला पोस्टमनने आजोबांचं नाव विचारलं, तर तिने ते सांगायला माझ्या काकाला अंगणातून हाक मारली होती! मग मंगळागौरीला, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत बाकीच्या बायका हटून बसायच्या, "नाव घे, नाव घे." आणि ती ते यमकात गुंडाळून घ्यायची. परवाच्या ताईने घेतलं तसं:

"बाहेर पडतंय बर्फ, आत उकळतोय चहा,
...चं नाव घेते, सासूबाई, लाजतोय पहा!"

बर्फाचा नवऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण यमक जुळलं की झालं. आजी नाव लपवते आणि ते तुला शोधायला लावते. ताईने लपवल्यासारखं करून शेवटी स्वतःच सांगून टाकलं. म्हणजे तिच्या उखाण्याचं उत्तर तो शेरवानीतला दादा. नंतर त्यालाही घ्यायला लावला आणि तो दुसऱ्याच ओळीत अडकला, ते मला फार आवडलं.

तुला उत्तर असलेलीच कोडी हवीत ना? मग हे घे. चल्लस खेळताना आजी चिंचोक्यांच्या चार फोडी टाकते. जितक्या फोडींची पांढरी बाजू वर, तितकी घरं पुढे. चारही काळ्या पडल्या तर एकदम आठ! फोड काळी किंवा पांढरी पडणं सारखंच सोपं धरलं, तर चार फोडी एकूण 16 तऱ्हांनी पडतात. चारही पांढऱ्या पडायची तऱ्हा एकच. मग दोन पडायच्या किती? आजी गणित न करताच सांगेल, "दोन काय, सारखेच पडतात." तू मात्र वहीत एकेक तऱ्हा मांड. मला सहा सापडल्या. सातवी सापडली तर मला उठव, रात्र असली तरी.

तुझी,
आई